कुलरसमोरची खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. सांगून मला काही बक्षीस मिळणार नाही.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, स्मशान नाही. एप्रिलमधली भर उन्हाची दुपार, नाशिकमध्ये अशोकस्तंभाजवळची एक अभ्यासिका आणि आत पुस्तकात डोकी घालून बसलेली पोरं.

घडलं ते माझ्या नणंदेच्या मुलीच्या बाबतीत. तेजस्विनी तिचं नाव. मूळची देवळ्याची, पण बारावी झाल्यावर माझ्याकडे देवळाली कॅम्पला राहायला आली. तिला दिल्लीच्या विद्यापीठात शिकायचं होतं. दिल्ली म्हणजे दिल्लीच, दुसरं नावच नाही. त्यासाठी प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेत इंग्रजीचे उतारे. उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. तिच्या वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं, यंदा नंबर लागला तर दिल्ली, नाहीतर देवळ्यातच कॉलेज आणि सोबत स्थळं बघायला सुरुवात.

पोरीचा जीव टांगणीला लागला होता. दहावीपर्यंत शिकली मराठीतून. उतारा वाचला की अर्धं समजायचं, अर्धं नाही. मग उत्तरं द्यायची ठोकून.

त्या अभ्यासिकेत कोणाची जागा ठरलेली नसायची. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तीच रीत तिथे. खुर्चीवर रुमाल पसरलेला, म्हणजे माणूस यायचंय. रुमालाची घडी करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेली, म्हणजे माणूस आलंय. पसरलेल्या रुमालाला कोणी हात लावायचा नाही. राजूदादा, म्हणजे अभ्यासिका सांभाळणारा, बाकी कशात लक्ष घालायचा नाही, पण या नियमाला पक्का होता.

सगळ्यात भारी जागा कुलरसमोरची. ती रोज दीपमाला नावाची मुलगी धरायची.

दीपमाला पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकलेली, शहरात वसतिगृहात राहणारी. तिची परीक्षाही तीच. ती उतारा वाचायची बोट फिरवत, ओठ हलवत. आवाज नाही करायची. फक्त वाक्य पुरतं समजलं, की पूर्णविरामावर बोट टेकवून हळूच म्हणायची...

हं.

नाही समजलं तर हं नाही. परत पहिल्यापासून. पुढच्या वाक्याला जायचीच नाही. बाकीची पोरं तिला हसायची, तेजस्विनीही हसायची. मनातून मात्र जळायची, कारण सराव परीक्षेत दीपमालाचे मार्क तिच्यापेक्षा जास्त यायचे.

त्या दिवशी तेजस्विनी दुपारी दोनला पोचली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत मुंगी शिरायला जागा नाही. रिकामी एकच खुर्ची, कुलरसमोरची. तिच्यावर पांढरा रुमाल पसरलेला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेलं फूल.

दीपमालाचा कुठे पत्ता नाही.

तेजस्विनी थांबली. जिन्यात उभी राहून उतारा वाचायला लागली. घाम गळत होता, अक्षरं पुसट दिसत होती. अर्धा तास गेला, कोणी आलं नाही. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, रुमाल उचलला आणि आपल्या सॅकमध्ये टाकला. टेबलावर ठेवला असता तरी चाललं असतं. पण मग कोणीतरी विचारलं असतं.

बसली एकदाची. कुलरचा गार वारा, पाण्याची टपटप. उतारे सोडवता सोडवता कधी पाच वाजले, कळलंही नाही.

आणि अचानक वारा लागेनासा झाला.

कुलर तर चालू होता. त्याची घरघर ऐकू येत होती...

तिनं मान वर केली. समोर दीपमाला उभी. कुलरच्या आणि तिच्या मधोमध. केस विस्कटलेले, ओढणी मातीनं माखलेली. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझा रुमाल होता गं इथं."

तेजस्विनीनं नजर परत उताऱ्यात घातली. म्हणाली, "नव्हता. मी आले तेव्हा जागा रिकामी होती."



दीपमाला म्हणाली... "हं."

वाक्य पुरतं समजल्यावर म्हणायची, अगदी तसंच.

वारा परत लागायला लागला. तेजस्विनीनं पाहिलं तर समोर कोणी नव्हतं. तिला थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण उठून मागे गेली नाही. उद्या देऊ रुमाल, सापडला म्हणू, असं तिनं मनाशी ठरवलं आणि पुढचा उतारा घेतला.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या दारातच सगळे उभे होते.  शेवटी राजूदादानं सांगितलं. दीपमाला काल सकाळी जागा धरून बसते तोच घरून फोन आला होता, आई आजारी म्हणून. तशीच उठून पळाली. उठताना रुमाल तेवढा खुर्चीवर पसरून गेली, संध्याकाळपर्यंत येते म्हणाली. पेठच्या घाटात काळीपिवळी जीप उलटली. बाकीचे वाचले, दीपमाला जागेवरच गेली.

"किती वाजता?" तेजस्विनीनं विचारलं.

"दुपारी. बारा-साडेबाराला."

 पाच वाजता आली होती ना ती इथे. ओठांवर आलं होतं सांगायचं. पण आली होती म्हटलं, की काय म्हणाली ते सांगावं लागणार. आणि मग आपण काय म्हणालो, तेही.

पोरीनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

भीती वाटली असेल, असं तुम्हाला वाटतं ना? भीती नंतर. आधी लाज वाटली. ती पोर मेल्यावरसुद्धा अभ्यासाला परत आली, आणि आपण तिला जागा नाही म्हणून सांगितलं. ती लाज तिला जेवू देईना, झोपू देईना.

त्यानंतर सुरू झालं ते असं. तेजस्विनी आता मागच्या खुर्चीवर बसायची. उतारा वाचायची, ओळीवर बोट ठेवून. एक वाक्य झालं, की अगदी कानाशी...

हं.

दचकून मागे बघावं तर भिंत.

पुढचं वाक्य अवघड असलं, तिनं तसंच रेटून पुढे जायचं म्हटलं, की आवाज यायचा नाही. आणि तो आला नाही की तिचं बोट पुढे सरकायचं नाही. खोटं वाटेल, पण बोटच उचलता यायचं नाही. परत वाचायची. शब्दकोश काढायची. वाक्य पुरतं उलगडलं, की मग...

हं.

पंधरवड्यात तिचे मार्क चढले. राखी मॅडम, तिच्या क्लासच्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या की मेहनत कशी असते ते तेजस्विनीकडून शिका. टाळ्या वाजल्या. तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. त्या टाळ्यांमध्ये तो हं मात्र कुठे आला नाही. 

मग एक दिवस दीपमालाची आई आली. लंकाबाई. पोरीची पुस्तकं न्यायला. बारीकशी बाई, पदर खांद्यावरून घेतलेला. राजूदादानं पुस्तकं, पाण्याची बाटली, चष्म्याची डबी असं सगळं तिच्यासमोर मांडलं. तिनं एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. मग सगळ्यांकडे बघत विचारलं, "तिचा रुमाल कुठं हाय? मी फूल भरलं व्हतं त्याच्यावर. कोनाला घावला का?"

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तेजस्विनीला वाटलं बाई आपल्याकडेच बघतेय. सॅक तिच्या मांडीवर होती. रुमाल सॅकमध्ये होता. एक चेन उघडायची, बस.

तिनंही मान हलवली.

लंकाबाई पिशवी उचलून जिना उतरून गेली.

त्या क्षणापासून आवाज थांबला.

सुटले, असं वाटायला पाहिजे होतं. पण तेजस्विनीला काही वाचताच येईना. अक्षरं दिसायची, शब्द ओळखीचे वाटायचे, अर्थ मात्र लागायचा नाही. सोपं वाक्य, चौथीच्या पोराला समजेल असं. तेही नाही. घरी मी बघायची ना, ती गच्चीत बसून एकच ओळ परत परत वाचायची आणि मान तिरकी करून थांबायची. कोणाची तरी वाट बघितल्यासारखी. परीक्षा आठवड्यावर आलेली.

शेवटी मी भाकरी थापत होते, तेव्हा येऊन ओट्याशी उभी राहिली आणि घडाघडा सगळं बोलली. मी पिठाच्या हातानंच कपाळाला हात लावला. माझ्या जिभेला तसंही हाड नाही. म्हटलं, भूतबीत नंतर बघू, त्या बाईनं तोंडानं मागितला तेव्हा द्यायला हात झडले होते का तुझे? ती रडली नाही. म्हणाली, "मामी, मी आत्तासुद्धा वाचता येईना म्हणून सांगतेय. वाचता आलं असतं तर बोलले नसते."

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पण खरं बोलली म्हणून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी पेठला आणि तिथून जीपनं पाड्यावर गेलो. लंकाबाई अंगणात नागली पाखडत होती. आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. तेजस्विनीनं रुमाल तिच्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. दुपारी दोनला काय केलं ते. पाच वाजता कोण आलं ते. आपण काय उत्तर दिलं ते. मला वाटलं, ही बाई आता शिव्याशाप देईल. दिले असते तर बरं झालं असतं.

लंकाबाईनं सूप खाली ठेवलं. फुलावरून अंगठा फिरवला. 

मग म्हणाली, "तू व्हय म्हनाली असतीस, तर ती बसली असती का गं?"

  अंगणात एक कोंबडी फिरत होती, तिच्याकडे आम्ही तिघी बघत बसलो.

निघताना लंकाबाईनं रुमाल परत तेजस्विनीच्या हातात ठेवला. म्हणाली, परीक्षेचा फारम तिनंबी भरला व्हता. तू जातीस ना? मग तिची जागा धर.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर लिंबाखाली बसले होते. आत काय झालं ते तिच्याकडूनच ऐकलेलं सांगते. झडती घेणाऱ्या बाईंनी रुमाल उलटसुलट करून पाहिला आणि सोडला. आत रांगेनं कॉम्प्युटर. तिच्या शेजारची मुलगी आलेलीच नव्हती. खुर्ची रिकामी. तेजस्विनीनं रुमाल त्या खुर्चीवर पसरला. पर्यवेक्षकांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "जागा धरलीय, सर." ते बघत राहिले, मग काय वाटलं कोण जाणे, पुढे गेले.

पहिला उतारा उघडला. तिनं पहिलं वाक्य वाचलं आणि थांबली...

आवाज आला नाही.

परत वाचलं. नाही आला. घड्याळ पळत होतं. मग तिनं पूर्णविरामावर बोट टेकवलं आणि स्वतःच, अगदी हळू, म्हणाली, हं. अर्थ लागला. पुढचं वाक्य. त्याचाही लागला. असं करत करत ती शेवटच्या उताऱ्यापर्यंत पोचली. मधे एकदाही मान वळवली नाही, घाबरून.

वेळ संपल्यावर उठली, तेव्हा शेजारी पाहिलं.

खुर्चीवर रुमाल नव्हता.

तो टेबलाच्या कोपऱ्यावर होता. चौघडी केलेला. निळं फूल वर.

नंबर लागला. तेजस्विनी आता दिल्लीत आहे. देवळ्यात तिचा सत्कार झाला तेव्हा शाल घेताना तिनं मान वर केली नाही, लोक म्हणाले किती विनयी पोर. रुमाल आम्ही लंकाबाईला नेऊन दिला. घडी मोडली नव्हती. तिनंही मोडली नाही.

तेजस्विनीचा रविवारी फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की कधीतरी मधेच विचारते, "मामी, मी हो म्हटलं असतं, तर?"

मी म्हणते, मला नाही माहीत बाई.

  आणि मग तिकडून फोनमध्ये, अगदी हळू...

हं.

ते तेजस्विनी म्हणते की आणखी कोणी, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.