खाजणातली हाक

काम साधं होतं. खाजणात पक्ष्यांसाठी लावलेला कॅमेरा भरती चढायच्या आत काढून आणायचा.

निहार इथलाच, शुगर लँडचा. आपल्यापासून दोन घरं सोडून राहतो. सिया, तू पाहिलंयस त्याला. वीकेंडला समुद्राकाठच्या अभयारण्यात पक्षी मोजायला जायचा, सोबत मित्र रवींद्र. गेल्या वर्षी मे महिन्यात तिथंच, पाणी चढलं म्हणून पक्ष्यांची अंडी उंचावर हलवताना रवींद्र बुडाला. बॉडी मिळाली नाही.

ही गेल्या दिवाळीची अमावास्या. वादळ येतंय, कॅमेरे काढा, असा अभयारण्यातून फोन आला. निहार ऑफिसमधून परस्पर निघाला. वाटेत बायकोला, मंजुषाला, बरोबर घेतलं. तिनंच मला हे सांगितलं.

पोचेपर्यंत अंधार पडला. ती गाडीपाशी थांबली. हा लाकडी फळ्यांच्या वाटेनं आत गेला. दोन्हीकडं उंच गवत, खाली चिखल. रातबगळे ओरडत होते. त्यानं कॅमेरा सोडवून खांद्याला अडकवला.

आणि बगळे गप्प झाले. सगळे. बेडूकसुद्धा.

गवतात कुणीतरी उभं होतं. कमरेएवढ्या पाण्यात. पाठमोरं.

“निहार… ये. उथळ आहे.”

मराठीत… या परक्या देशातल्या खाजणात.

अनीश, हसू नकोस.

मंजुषाला फक्त नवऱ्याचा आवाज ऐकू आला. “हो रवी, आलो.” ती धावली. टॉर्च मारला, तर निहार छातीपर्यंत रुतलेला. एक हात पुढं केलेला. चेहरा अगदी शांत. समोर कुणी नाही.

ती फळ्यांवर पालथी पडली. त्याची कॉलर धरून ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. चिखलात रुतलेलं माणूस थोडं तरी हलतं. हा खाली जात होता.

खालून कुणीतरी ओढत होतं…

तेव्हा ती ओरडली नाही. पाण्याकडं बघून हळूच म्हणाली, “रवी भाऊजी, सोडा त्याला. माझ्या पोटात बाळ आहे.”

तिनं कॉलर सोडली नाही…

मग सुटला.

वाचला तो. पण अजून रात्री उठतो, खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. गवतात काय दिसलं, ते एकदाच तिला सांगितलं; त्यावर पुन्हा बोलला नाही.

त्या रात्री इमर्जन्सीत त्याचा बूट कापून काढावा लागला. घोट्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची कडी निघाली. पक्षी पुन्हा सापडला तर ओळखू यावा म्हणून पायात घालतात ना, तसली. पण माणसाच्या मापाची.

नर्सनं ती फिरवून फिरवून पाहिली.

तिला कुठंच सांधा नव्हता.