बर्फाखालून दिसणारे बाण

हिल्माने भाला उचलला होता. बुडालेल्या खाणीच्या बर्फावर तिची मासेमारीची काळोखी झोपडी होती. चौकोनी भोकात लाल लाकडी मासा सोडून ती खऱ्याची वाट पाहत होती. लाकडी मासा हलला आणि खालून एक हात वर आला.

"मारणारच होते," शेरिफची डेप्युटी लेना कालिओ पोचली तेव्हा हिल्मा म्हणाली. "पण माशाला हातमोजे नसतात गं."

तो हात आर्ने सोलहाइमचा होता. आर्ने आता शेगडीजवळ घोंगडीत कुडकुडत बसला होता. दोनशे फुटांवरच्या भोकातून तो बर्फाखाली डायव्हिंगला उतरला होता, कमरेला दोर बांधून.

"दोराचं काय झालं?" लेनाने विचारलं.

"माझ्या हातून सुटला," ऑरिन बर्गस्ट्रॉम दारातून म्हणाला. तो आर्नेचा एकवीस वर्षांपासूनचा डायव्हिंगमधला सोबती. वर दोर धरायचं काम त्याचं. "हिसका बसला. चूक माझी. लिहून घे, लेना."

"मग?"

"भोकापाशी पालथा पडून राहिलो. हिल्माची हाक येईपर्यंत हललो नाही."

"किती हाका मारल्या रे," हिल्मा म्हणाली. "पंधरा मिनिटांनी उगवलास."

लेना आर्नेकडे वळली. "दोर सुटल्यावर काय केलंत?"

"बाण पाहिले." भोकाभोवतीचं हिम खरवडून मोठे बाण काढायची इथली पद्धत. तेवढाच उजेड खाली पोचतो; टोकं भोकाकडे असतात. "सकाळी मीच काढले. दाखवत होते तिकडे गेलो. भोक आलंच नाही. पुढे तो लाल मासा दिसला."

"घाबरल्यावर दिशा कळत नाही, आर्ने," ऑरिन म्हणाला.

"उत्तरेच्या कड्यापर्यंत तर नीट गेलो. तू म्हणायचास तिकडे नुसता गाळ आहे. तिथे हिरवी पिकअप आहे, ऑरिन."

"हिरवी तर तुझ्या भावाची होती," हिल्मा ऑरिनला म्हणाली. "ती घेऊनच वेस अलास्काला गेला ना?"

"अशा पन्नास होत्या."

लेना एकटीच आर्ने उतरला होता त्या भोकाकडे गेली. चार बाण, चारही टोकं भोकाकडे. बरोबर. ती एका बाणाच्या दूरच्या शेवटाशी गुडघ्यांवर बसली. जानेवारीत एकदा पाऊस पडला होता, त्यावर पुन्हा हिम. त्यामुळे खाणीवरच्या हिमात सगळीकडे मधोमध बोटभर जाडीचा कडक थर होता. इथे हात मनगटापर्यंत सहज गेला. थराचे नुसते तुकडे होते. भुसभुशीत भागाचा आकार तिने चाचपला. टोकाचा आकार, बाहेर तोंड केलेला. चारही ठिकाणी तसाच.

ती परतली.

"ऑरिन, बाण दोनदा बदललेत. दोर उत्तरेकडे पळायला लागला तेव्हा तुम्हाला कळलं, आर्नेला काय दिसणार. दोर सोडला. पण बाण त्याला घरी आणणार होते, म्हणून आतली टोकं बुजवून बाहेर नवी काढलीत. हिल्मामावशी हाका मारत होत्या तेव्हा ती बुजवून जुनी पुन्हा कोरत होतात. टोकं जागेवर आली, पण फुटलेला थर सांधता येत नाही. आणि हातून दोर सुटल्याची कबुली दिली की पुढचं कोण विचारणार?"

ऑरिनने आर्नेकडे पाहिलं.

"त्या गाडीत वेस आहे?" लेनाने विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

आर्नेचे दात वाजायचे थांबले होते. "तू पाण्याला घाबरायचास. वेस गेला त्याच्या पुढच्याच वर्षी आलास, डायव्हिंग शिकव म्हणालास. मी माझा सूट दिला तुला. एकवीस वर्षं मला तिकडे जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच?"

"आधी तेवढंच होतं," ऑरिन म्हणाला. "नंतर तुझ्यासाठीच यायचो."

आर्नेच्या खांद्यावरून घोंगडी घसरली. ती सावरायला ऑरिनचा हात सवयीने पुढे झाला. आर्ने अंग चोरून भिंतीला टेकला.