वानेसचे तीन फोन

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण त्या वहीवर हात ठेवून सांगते, यातलं अक्षरही खोटं नाही.

सहा वर्षांपूर्वीची दोन नोव्हेंबर. दुपारचे तीन. ओस्टडाउनकेर्के या आमच्या किनाऱ्यावरच्या गावातलं मच्छीमारांचं संग्रहालय.

बाहेर दाट धुकं होतं.

मी तिथे तिकिटं देते. दरवर्षी या दिवशी, मृतांच्या स्मरणदिनी, दालनातल्या जुन्या लाकडी बोटीजवळ उभी राहून समुद्रात गेलेल्यांची नावं वहीतून वाचते. ज्याचा देह सापडला, त्याच्या घरचं कुणीतरी म्हणतं, "घरी आला." ज्याचा सापडला नाही, त्याच्या नावाला कुणी बोलत नाही. म्हातारा ओक्ताफ घंटेचा एक टोल देतो.

आणि वाचन मध्येच थांबवायचं नाही. थांबलं, तर उरलेले पुन्हा बुडतात, असं आमच्यात मानतात.

सकाळी माझा वानेस कोळंबीला निघाला. एकुलता एक. जाताना चिडवलंच त्यानं.

"आई, तू मेलेल्यांना हाका मार. मी जिवंत कोळंबी आणतो!"

"जिभेला काही हाड? लवकर ये, सूप करून ठेवते."

वाचन सुरू झालं. दहावं नाव न सापडलेल्याचं होतं. ओक्ताफनं टोल दिला. आणि मग...

"आहे."

आवाज बोटीतून आला.

बोट रिकामी होती. मी स्वतः सकाळी झाडली होती.

मी ओक्ताफकडे पाहिलं. तोही बोटीकडेच बघत होता.

"वाच, पोरी," तो पुटपुटला. "थांबू नकोस."

पुढचं नाव. टोल...

"आहे."

लोक माना खाली घालून शांत उभे होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. हळूच पाहिलं. वानेस.

मी फोन परत खिशात टाकला. अजून चाळीस नावं बाकी होती.

पुन्हा थरथरला.

पुन्हा.

मग थांबला.

शेवटचं नाव झाल्यावर मी धावत बाहेर आले. वानेसचे तीन फोन येऊन गेले होते. मी लावला, तर नुसती रिंग वाजत राहिली.

धापा टाकत घरी पोचले. स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी, चार्जिंगला लावलेला... वानेसचा फोन. सकाळी घाईत विसरला होता. त्यावर माझे न उचललेले फोन दिसत होते. त्यानं मला केलेला एकही नव्हता.

वानेसची बोट तीनच्या सुमारास उलटली, असं नंतर कळलं. तिघे होते. दोघांचे देह मिळाले.

वानेसचा नाही.

पुढच्या वर्षी वहीत शेवटचं नाव त्याचं होतं. सगळे म्हणाले, दुसऱ्याला वाचू दे. मी ऐकलं नाही. मला त्याचा आवाज हवा होता. एकदाच.

दर न सापडलेल्या नावाला टोल पडत होता आणि बोटीतून आवाज येत होता. "आहे." "आहे." मला भीती वाटेनाशी झाली. मी एकेक नाव मागे टाकत होते.

"वानेस देक्लेर्क."

टोल...

मी थांबले. कान बोटीकडे लावले.

"पोरी," ओक्ताफ हळूच म्हणाला, "पुढे वाच."

"पुढे नाव नाही, ओक्ताफकाका."

दरवर्षी असंच होतं. बाकीचे सगळे ओ देतात. माझा मुलगा देत नाही.

त्यानं तीनदा हाक मारली, तेव्हा मी तरी कुठे ओ दिली होती?