चांदणीच्या पायांची पोती

या मायबाप, सरका जरा पुढं. मुक्ताईचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. ऐकून झोप उडाली तर मला बोल लावू नका.

भडगावात कादरनाना वरातीची घोडी पाळायचे. चांदणी तिचं नाव, पांढरीशुभ्र. ती मेली तेव्हा धुळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरी कॉलेजात शिकवणाऱ्या सोनल मॅडमनी तिचा सांगाडा मागितला. नाना अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "ने बेटी. पण एक हाड मागं ठेवू नको. मला ती एकदा उभी बघू दे, म्हणजे मी सुटलो." सोनलनं शब्द दिला.

मांस गळून हाडं मोकळी व्हावीत म्हणून तिला गिरणा नदीकाठी पुरलं; पुरताना चारी पाय वेगवेगळ्या पोत्यांत घालून तारेनं आवळले. बारीक हाडं एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून तशीच रीत असते.

दोन पावसाळे गेले. माघात सोनल कॉलेजच्या शिपायाला, रोहिदासला, घेऊन उकरायला आली. वरचं गवत दाट, कुणी हात न लावलेलं. खाली कवटी, मणके, फासळ्या सगळं नीट मिळालं. मग पोती. तारेचे पीळ जसेच्या तसे; पण चारी पोत्यांचे तळ झिजून फाटलेले.

"उंदीरनी कुरतडं व्हई," रोहिदास म्हणाला.

"फक्त टापांखालीच?"

तिनं खूर पालथा केला. खाचेत डांबराची खडी होती. आणि पिवळ्या अक्षता. हळद अजून ओली.

"काल गावमा लगीन व्हतं, मॅडम," रोहिदास हळूच बोलला आणि लांब जाऊन बसला.

हाडं निघाल्याचा निरोप सोनलनं नानांच्या घरी जाऊन दिला. त्यांची सून खातून हसली. "काल दिवसभर पडल्या पडल्या टाचा आपटत होते. म्हटलं, काय अब्बा, वरातीत नाचता काय!"

सोनलला हसू आलं नाही. पुढं सांगाडा जोडताना ती सारखी उठून दाराबाहेर बघून यायची. कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी कॉलेजात चांदणी लोखंडी सळ्यांवर उभी राहिली. खातूननं नानांना जीपमधून आणलं. त्यांनी फासळ्यांवर हात ठेवला.

"का गं, इतका दम लागला?"

बघायला जमलेली कॉलेजची पोरं गालात हसली.

नानांचं समाधान व्हावं म्हणून सोनलनंही हात ठेवला.

लगेच काढून घेतला.

तळहात ओला होता. त्याला पांढरे केस चिकटले होते.

नाना त्याच आठवड्यात गेले.

मायबाप, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा कादरनानांची आठवण ठेवा. वरातीला निघालेल्या चांदणीला थांब म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.