तारांवरचा हात

बायको गेल्याचं माझ्याआधी अँपला, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरला कळलं. मोबाइल शेजारी असला की घंटी वाजायच्या क्षणभर आधी अँपमधून टिकटिक-टिकटिक येते. त्या बुधवारी सकाळी साडेअकराला टिकटिक आली. मी वैतागून मोबाइल लांब सरकवला, तेवढ्यात तो वाजला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा कंपाउंडर होता. "ताबडतोब या," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजावरून कळायचं ते कळलं.

मी गिटारी दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीतच माझं टेबल आहे. येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच, घूं घूं आवाज येतो. कारणंही ठरलेली. कधी ट्यूबलाइट, कधी सैल जॅक, कधी तारांपासून आत जाणारी अर्थिंगची वायर. तारांवर हात ठेवला आणि आवाज बसला, तर ती वायर शाबूत. हात ठेवूनही घुमतच राहिला, तर तुटलेली. पण तपासताना माझे दोन्ही हात गिटारच्या पोटात अडकलेले असतात. म्हणून तारांवर हात बायको ठेवायची. मी "ठेव" म्हटलं की ठेवायची, "काढ" म्हटलं की काढायची. सव्वीस वर्षं हेच.

आल्यागेल्याला सांगायची, "यांनी मला वाजतगाजत आणली ती अर्थिंगसाठी."

"तरी शॉक बसायचा तो बसलाच," मी म्हणायचो.

त्या दिवशी टेबलावर गणिताच्या सरांची गिटार होती. आठवडाभर वर्गाचा गोंगाट ऐकतो, रविवारी हा तरी नको, असं सर म्हणाले होते. वायर ब्रिजखाली, तारा टेकतात त्या पट्टीखाली, कुठेतरी तुटली होती. चिमट्याने दाबली की जुळायची, सोडली की सुटायची. नेमकी जागा सापडत नव्हती.

"ठेव," मी हाक मारली. ती हात पुसत आली आणि तारांवर हात ठेवून उभी राहिली.

थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, डावा हात जड झालाय."

"मग उजवा ठेव."

ती हसली. उजवा ठेवला. मी आणखी दहा मिनिटं घेतली. मान वर करून पाहिलं नाही.

"जरा कोपऱ्यावर डॉक्टरांकडे जाऊन येते."

"जाताना ट्यूब बंद कर."

मी "काढ" म्हटलं नव्हतं. तिने हात उचलला तसा अँप घुमायला लागला, आणि मला राग आला तो त्याचाच. मग ट्यूब बंद झाली आणि दार लागलं.

तीन आठवडे मी टेबलाकडे गेलो नाही. सरांचा फोन आला. "सावकाश होऊ द्या, घाई नाही," म्हणाले. त्यांच्या त्या बोलण्यानेच मला लाज वाटली आणि मी बसलो. तुटकी वायर समूळ काढून टाकली. आणखी काही बिघाड आहे का ते ऐकावं म्हणून अँप लावला. अपेक्षेप्रमाणे घुमत होता. हात आत घातले आणि सवयीने तोंडातून गेलं, "ठेव."

आवाज बसला.

मी जॅक हलवला. केबल बदलली. ट्यूब लावली, फ्रिज बंद केला, गिटार खिडकीकडे फिरवली, अँप मोठा केला. काही नाही. त्याच केबलला दुसरी गिटार लावली, ती लगेच घुमली. परत सरांची लावली, शांत. मीटर लावून पाहिला. तारांचा आतल्या कशाशीही संबंध नव्हता. अशा गिटारीवर जिवंत माणसाने हात ठेवला तरी आवाज बसत नाही.

मग मी एक तार छेडली. ती झंकारली नाही. नुसतं टक् झालं. तारांवर कुणाची बोटं असली की होतं तसं.

रविवारी दुपारी मुलगी आली. ती हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करते, माझ्यापेक्षा शिकलेली आहे. तिने सगळं पुन्हा तपासलं.

"बाबा, वायरच नाहीये इथे. हिने बोंबलायला पाहिजे."

तिने तारांवरून बोट फिरवलं आणि एका ठिकाणी पटकन मागे घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही. एवढ्याच जागी गरम आहेत."

तेव्हा मी तिला त्या सकाळचं सांगितलं. डाव्या हाताचं, उजव्या हाताचं. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. ती कितीतरी वेळ मीटरच्या वायरी गुंडाळत बसली.

"तुम्ही आईला 'काढ' म्हणालात?"

"नाही."

"मग म्हणा."

"आणि घुमायला लागली तर?"

"तर वायर लावा बाबा, आणि देऊन टाका."

ती गेली. मी म्हटलं नाही.

मंगळवारी दुपारी आवाज आला. अर्धा क्षण. लगेच बसला.

काल तीनदा आला. आज सकाळपासून येतोय आणि बसतोय, येतोय आणि बसतोय. जड झालेला हात थरथरावा तसा.

"अगं, बस ना जरा," मी म्हणालो, आणि टेबलाला खुर्ची लावून दिली.

थरथर थांबली नाही.

नवी वायर मापाने कापून, टोकं सोलून तयार आहे. सोल्डरिंग आयर्न दोनदा तापवून बंद केलं. सर शनिवारी गिटार न्यायला येणार आहेत.

मी अजून "काढ" म्हटलेलं नाही.