अर्जाची पोच

"अर्ज इथंच टाकायचा का?"

मी दचकले. बुधवारची संध्याकाळ होती. छावणीतलं आमचं चर्च अजून रिकामं होतं आणि मी दाराजवळच्या लाकडी पेटीतून प्रार्थनेच्या चिठ्ठ्या काढत होते. समोर एक उंच तरुण उभा. केसांत आवारातल्या कडुनिंबाचा मोहर पडलेला, हातात घड्या घातलेला कागद.

"अर्ज नाही हो, विनंती," मी म्हणाले. "चिठ्ठी लिहायची, मग आम्ही सगळे मिळून तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

"लिवलंय मी. वाचून बघा… काही राहिलं असंल तर सांगा."

वाचलं आणि मला हसू आवरेना. 'मा. देव यांचे सेवेशी. विषय : आई केसरबाई हिला पुन्हा चालता येणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून…' आणि खाली, 'आपला विश्वासू, सुयश कचरू हिवराळे, देवगाव रंगारी.'

केसरबाई! मी ज्या वॉर्डात नर्स आहे, तिथंच त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. "मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना करते," असं मीच त्यांना म्हणाले होते. ते मनावर घेऊन त्यांनी लेकाला पिटाळलं होतं.

"हसू नका ना, सिस्टर," तो ओशाळला. "दिवसभर सेतू केंद्रात बसून लोकांचे अर्जच लिवतो मी. आन् आमच्या बुद्धवंदनेत मागणं नसतंच. मागायची सवय नाय मला."

"छान लिहिलंय. राहू द्या."

"मग पोच मिळंल का?"

"देवाकडून?"

"तुमच्याकडून चालंल…" आणि त्यानं खिशातून चक्क अर्जाची झेरॉक्स काढली! मी तिच्यावर 'मिळाला' असं लिहून सही केली. काय करणार?

"निकाल कधी लागतो?"

"तीन तऱ्हांनी लागतो," मी संडे स्कूलमध्ये शिकलेलं सांगून टाकलं. "हो, नाही, किंवा थांब."

"थांब म्हंजे नामंजूर?"

"छे! थांब म्हणजे नाही नव्हे."

तो विचारात पडला. "देव डायरेक्ट 'थांब' म्हणतो? 'थांबा' नाय?"

"आम्ही त्याला तू म्हणतो, तो आम्हाला."

"मज्जा हाय तुमची," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "आम्हाला तर तुम्हीवरच भागवावं लागतंय."

त्यानंतर तो दर बुधवारी येऊ लागला. मागच्या बाकावर बसायचा आणि सगळ्यांचं आमेन म्हणून झालं की याचं एकट्याचं ऐकू यायचं. मग गेटपर्यंत माझ्याबरोबर चालायचा. आईला आज दोन पावलं टाकता आली, आज चार… आणि मी फक्त त्याच्या आवाजाकडं कान लावून असायचे. मला सुयश आवडायला लागला होता. भयंकर आवडायला लागला होता.

आणि तिथंच सगळा घोळ झाला.

कारण त्या पेटीत दोन वर्षं माझीही एक चिठ्ठी होती. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळावी म्हणून सगळं चर्च माझ्यासाठी प्रार्थना करत होतं. मार्चमध्ये मुलाखत देऊन आले, आणि तेव्हापासून मनातल्या मनात वेगळंच मागू लागले. देवा, ते पत्र येऊच देऊ नकोस. बुधवारी सगळ्यांबरोबर डोळे मिटून नोकरी मागायची आणि घरी जाऊन ती नको म्हणायचं! देवानं तरी यातलं कुठलं ऐकावं?

पत्र आलं. येत्या गुरुवारी हजर व्हायचं होतं. माझ्या आईनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. आमचे पाळकसाहेब राजेंद्र म्हणाले, "मोनिका, रविवारी साक्ष द्यायची बरं का!" प्रार्थना ऐकली गेली की आमच्यात सगळ्यांसमोर उभं राहून तसं सांगतात. ती साक्ष.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाची प्रार्थना ऐकली गेली? उभं राहा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला उठवेना. काय सांगू? चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलू? माझं खरं मागणं तर देवानं बाजूला सारलं होतं. तेवढ्यात मागचं बाक करकरलं.

"माझी," सुयश उभा होता. शेजारी केसरबाई, वॉकर धरून.

"आईसाठी केलेली?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आईचं 'थांब' चालू हाय, साहेब. वॉकर सुटला नाय अजून. पण माझा दुसरा अर्ज मंजूर झाला. मोनिका सिस्टर मुलाखतीला गेल्या होत्या, त्या बुधवारी टाकला होता. त्यांना पुण्याची नोकरी मिळणेबाबत."

पाळकसाहेब गालात हसले. त्या बुधवारी पेटी त्यांनीच उघडली होती. मी जन्मापासून या बाकांवर बसतेय, आणि ऐकलं गेलं ते मागायची सवयच नसलेल्या या माणसाचं!

उपासना संपल्यावर मी त्याला कडुनिंबाखाली गाठलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला नसता उद्योग करायला?"

"तुम्हाला पाहिजे होती ना नोकरी?"

"होती! मग नको झाली! मी रोज देवाला सांगत होते, पत्र येऊ देऊ नकोस म्हणून…"

"का?"

माझे कान तापले. मी चपलेच्या टोकानं मोहर गोळा करत राहिले.

पायरीवर बसलेल्या केसरबाईंनी हाक दिली, "आरं बोल की आता! का त्ये बी लिवूनच देतो?"

त्यानं खरंच लिहून आणलं होतं. खिशातून कागद निघाला. 'मोनिका सिस्टर यांचे सेवेशी. विषय : जन्मभर सोबत मिळणेबाबत. आपण पुण्यास जावे. आपण दोन वर्षे मागितलेले माझ्यामुळे अडू नये. सोबत जोडले : तिकीट.' टाचणीनं छत्रपती संभाजीनगर ते पुणे एस.टी.चं आरक्षण लावलेलं होतं. त्याच्या नावाचं, मी तिथं हजर झाल्यावरच्या पहिल्या शनिवारचं.

देवानं नेमकं कुणाचं ऐकलं, ते मला अजून कळलेलं नाही. सुयशचं ऐकलं म्हणावं, तर मला जे गमवायचं नव्हतं तेच माझ्या हातात आलं होतं. मी पर्समधून पेन काढलं, कोपऱ्यात 'मिळाला' लिहिलं आणि सही केली.

"निकाल?" त्यानं विचारलं.

"थांब."

त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं हळूच मान वर केली. "थांब…? थांबा नाय?"

"थांब."

"कुठवर?"

"शनिवारपर्यंत."