अभ्रकाचा बारावा पापुद्रा

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, आमच्याच घरातली आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

रात्रीचीही नाही. भर दुपारी तीनची.

साल १८६९. चैत महिना. पाटण्यातला लोदी कटरा मोहल्ला.

गिरवर लाल म्हणजे माझ्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ. कायस्थ. पिढीजात चितारी. गोऱ्या साहेबांसाठी अभ्रकावर चित्रं काढायचे.

ते काम असं असे. एका पुठ्ठ्यावर फक्त चेहरा. मग अभ्रकाचे बारा पातळ पापुद्रे. त्यांवर कपडे, दागिने, हातपाय. चेहऱ्याची जागा कोरी. पापुद्रा पुठ्ठ्यावर ठेवला की तोच चेहरा कधी पाणक्याचा, कधी नवरदेवाचा. साहेब लोक चहा पिता पिता हा खेळ खेळत.

घराण्यात एक नियम होता. पुठ्ठ्यावर खऱ्या माणसाचा चेहरा काढायचा नाही. डोळे एकाचे, नाक दुसऱ्याचं, हनुवटी तिसऱ्याची.

का, ते कुणी सांगत नसे. विचारलं तर वडीलधारे डाफरत.

पण दिवस वाईट आले होते. शहरात फोटोचं दुकान निघालं होतं. साहेबांना आता चितारी नको, फोटोचा डबा हवा होता. त्यात गिरवरची नजर अधू झालेली. मनातला चेहरा कागदावर उतरेना.

तेवढ्यात बांकीपूरच्या एका नीळ पिकवणाऱ्या साहेबाच्या मेमचं काम आलं. तिला बायकांचा संच हवा होता. पाणी भरणारी, धान कांडणारी, नवरी, विधवा...

आणि शेवटी तिरडी.

गिरवरने आपल्या मुलीलाच समोर बसवलं. रामरती. सोळा वर्षांची. लग्न झालेलं, सासरी पाठवणी व्हायची होती.

"बाबूजी, नाक जरा लहान काढा हं."

"आहे तेवढंच काढीन."

"मग सासरचे परत पाठवतील!"

"बरंच होईल. तुझ्या अम्माला भांडायला सोबत."

आतून अम्मा ओरडली, "ऐकू येतंय मला!"

तिघंही हसली. त्या घरातलं ते शेवटचं हसू.

संच पोहोचला. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात एक आवाज झाला.

टक्...

नखावर नख आपटावं, इतकाच.

"पदर कुठे भिजवून आलीस ग?" अम्माने विचारलं.

रामरती घरातून हललीच नव्हती. तरी तिचा खांदा ओलाचिंब होता. डोक्यावर घागर हिंदकळावी तसा.

दुसऱ्या दिवशी, तीन वाजता...

टक्.

तिच्या हातांना धानाचा कोंडा. घरात कुणी धान कांडलं नव्हतं.

पापुद्रा पुठ्ठ्यावर टेकवताना गिरवरने हाच आवाज हजारदा ऐकला होता. त्यांना कळलं होतं. पण बोलायची छाती झाली नाही.

मग दोन दिवस काहीच नाही.

त्यानंतरच्या दिवशी आवाज झाला आणि अम्माची किंकाळी उठली. रामरतीचे हात मोकळे. एक बांगडी नाही. भांगात सिंदूर नाही. अंगावर पांढरं लुगडं.

"बाबूजी, मला काय होतंय?"

घटकाभराने सगळं जागच्या जागी आलं. बांगड्यासुद्धा. पोरगी मात्र बांगड्या पुन्हा पुन्हा मोजत होती.

संचाच्या क्रमात विधवेनंतर एकच पापुद्रा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरवर एक्का गाडीने बांकीपूरला गेले. खानसामा लतीफ मियां ओळखीचे. त्यांचे पाय धरले.

"गिरवरजी, वेड लागलं का? चेहऱ्याचा पुठ्ठा मेमसाहेबच्या कपाटात कुलपात असतो."

"पुठ्ठा नको. शेवटचा पापुद्रा द्या, मियां. पोरीचा जीव आहे."

"आज पाहुणे येणार आहेत. तो त्यांच्यासाठीच राखून ठेवलाय."

गिरवर ढसाढसा रडले. मियांना पाहवलं नाही. पापुद्र्यांचा डबा काढून दिला.

गिरवरने तिरडी उचलली आणि मुदपाकखान्याच्या चुलीत टाकली.

तिरडी जळाली. कापड जळालं. फुलं जळाली.

अभ्रक मात्र जळत नाही. आयुष्यभर त्यावर काम करणाऱ्याला हे माहीत नव्हतं थोडंच!

मियांनी चिमट्याने पापुद्रा बाहेर काढला. स्वच्छ पुसला. आरपार दिसत होतं.

"हा परत ठेवतो. मेमसाहेब मोजून घेते. अकरा भरले तर माझी चामडी लोळवतील."

"ठेवा, ठेवा. कोऱ्याने काय होतंय?" गिरवर म्हणाले.

ते हलक्या मनाने घरी आले. वाटेत पोरीसाठी खाजा घेतला. तीन वाजायला आले तेव्हा रामरती अंगणात चटईवर बसून भाजी निवडत होती. ते दारातून बघत बसले.

टक्...

साडी खाली बसली.

निऱ्या तशाच. पदर तसाच. बांगड्या चटईवर घरंगळल्या. आत कुणीच नव्हतं.

आणि त्या रिकाम्या जागेवरून, अगदी जवळून...

"बाबूजी, मी दिसते का?"

गिरवर धावत बांकीपूरला गेले. मेमसाहेब पाहुण्यांबरोबर बोटीने निघून गेली होती. कलकत्त्याहून विलायतेला. कोरा पापुद्रा पुठ्ठ्यावर तसाच ठेवून संच सोबत नेला, असं मियां म्हणाले.

रामरतीचा आवाज आठवडाभर येत राहिला. रोज तीन वाजता. पुढे क्षीण होत गेला. मग थांबला.

प्रेत नाही, मग क्रियाकर्म कसलं? गिरवरने पुन्हा कुंचला धरला नाही. मरेपर्यंत एकच घोकत राहिले. "तिरडी राहू द्यायला हवी होती. निदान खांदा तरी दिला असता."

एवढंच मला घरातून कळलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी विलायतेतल्या एका संग्रहालयाचं पत्र आलं. घराण्याचा शोध घेत ते माझ्यापर्यंत पोहोचले होते. त्यांच्याकडे एक संच आहे. रंगवलेले अकरा पापुद्रे आणि एक कोरा. कोरा निरुपयोगी आहे, टाकून द्यावा का, असं विचारलंय.

सोबत चेहऱ्याच्या पुठ्ठ्याचा फोटो आहे. खाली त्यांनी लिहिलंय, 'एक वृद्ध स्त्री'.

नाक रामरतीचंच. आमच्या घरात सगळ्यांचं तसंच आहे.

पण इतकं म्हातारं माणूस मी जन्मात पाहिलेलं नाही. दीडशे वर्षांच्या सुरकुत्या. डोळे उघडे. तिला मरायला पापुद्राच उरलेला नाही...

पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू?